'मुंगी चावल्यासारखं' म्हणणाऱ्या मेसेजला एका सिस्टरचं उत्तर

लसीकरणाची मोहीम जवळ आली किंवा गावात रक्तदान शिबिर लागलं की एक मेसेज हमखास फिरू लागतो. परवा तो मला एकाच दिवशी तीन ग्रुपवर आला. मजकूर साधारण असा: 'सुई सगळ्यांना सारखीच टोचते. मुंगी चावल्याइतकं दुखतं, बाकी सगळी मनाची भीती. डायबेटिसवाले रोज पोटात टोचून घेतात, ते रडतात का? शेतात राबणाऱ्याला तर कळतसुद्धा नाही, शहरातली माणसं नाजूक झालीत. चक्कर येणं हे नाटक. बाळ रडतं आणि दहा मिनिटांत विसरतं. लाड बंद करा.' शेवटी 'पटलं तर पुढे पाठवा'.

मी २६ वर्षं ग्रामीण भागात परिचारिका आहे. मला हे पटलेलं नाही. अशा बोलण्याने दुखावलेली माणसं दवाखान्याची पायरी चढायची टाळतात, हे मी पाहिलंय. म्हणून एकेक वाक्य घेते.

'सुई सगळ्यांना सारखीच टोचते.' मुळात सुईच सारखी नसते. सुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक. इन्सुलिनच्या पेनाला लावतात ती ३२ नंबरची सुई जेमतेम ०.२३ मिलिमीटर जाड असते आणि बहुतेकदा ४ मिलिमीटर लांब. ती कातडीखालच्या चरबीपर्यंतच जाते. रक्तदानाच्या पिशवीची सुई १६ नंबरची, साधारण १.६ मिलिमीटर जाड, म्हणजे तिच्या सातपट. डायबेटिसवाल्या काकांचं उदाहरण देऊन रक्तदात्याला गप्प बसवता येत नाही ते यामुळे. आणि काकांनाही दुखतच नाही हे कोणी ठरवलं? साखर तपासायला बोटाच्या टोकाला टोचतात, तिथे तर मज्जातंतूंची टोकं दाटीने असतात. पोटापेक्षा बोटाला जास्त दुखतं म्हणणारे कितीतरी पेशंट मला भेटलेत. ओळखीतल्या एक मावशी इन्सुलिनचं पेन हातात धरून रोज सकाळी दहा-पंधरा मिनिटं नुसत्या बसून राहतात. त्या रडत नाहीत, एवढंच घरच्यांना दिसतं.

सुईबरोबर आत काय जातं, तेही बघायला हवं. संधिवाताच्या तापामुळे हृदयाची झडप खराब झालेल्या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं, तेही वर्षानुवर्षं. औषध घट्ट, दुधासारखं. बारीक सुईतून ते उतरतच नाही आणि ढकलताना मध्येच थांबलं तर सुई तुंबते. कमरेत दिल्यावर मूल त्या दिवशी लंगडतं, कधी दुसऱ्या दिवशीही. अशा मुलासमोर उभं राहून 'मुंगी चावल्यासारखं' म्हणायची माझी जीभ धजत नाही. नोकरीच्या सुरुवातीला मी म्हणत असे. एका नऊ-दहा वर्षांच्या मुलीने पुढच्या महिन्यात मला बघताच आईच्या पदरात तोंड लपवलं, आणि आईला म्हणाली, 'ही खोटं बोलते.' तेव्हापासून बंद केलं.

बरं, सुई तीच, औषध तेच, हातही तोच धरला, तरी? अमेरिकेतल्या एका संशोधक गटाने २००३ साली १७ निरोगी माणसांच्या पायावर ४९ अंश सेल्सियसचा चटका दिला. सगळ्यांना तंतोतंत सारखा. दुखण्याला दहापैकी किती गुण, असं विचारल्यावर कोणी जेमतेम एक म्हणालं, कोणी जवळजवळ नऊ. त्याच वेळी त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग चालू होतं. जास्त दुखलं म्हणणाऱ्यांच्या मेंदूत वेदनेशी निगडित काही भाग खरोखरच जास्त पेटलेले दिसले. प्रयोग उष्णतेचा होता, सुईचा नव्हता. पण 'सारखंच टोचलं म्हणजे सारखंच दुखलं' हा मेसेजचा पायाच त्याने निखळतो.

'बाकी सगळी मनाची भीती.' भीती असते, हे खरंच. पण भीतीने वाढलेली वेदना खोटी ठरत नाही. मेलझॅक आणि वॉल या दोन संशोधकांनी १९६५ साली मांडलं की मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं. वेदनेचा निरोप तिथून वर जातो, आणि मेंदूकडून खाली येणारे संदेश ते फाटक कमीजास्त उघडू शकतात. तपशील पुढे बरेच बदलले, पण मेंदू वेदना वाढवतो आणि कमीही करतो, हे टिकलं. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली सुधारलेल्या व्याख्येतही संवेदना आणि भावना दोन्ही एकत्र आहेत. शिवाय, दुखतं असं कोणी सांगितलं तर त्याचं म्हणणं मानावं, असं त्यांनी स्पष्ट लिहिलंय.

आता ज्या वाक्याने मला सगळ्यात जास्त राग आला, ते. 'राबणाऱ्याला कळतसुद्धा नाही.' कष्टाने घट्टे पडतात ते तळहाताला आणि तळपायाला. आम्ही रक्त काढतो कोपराच्या आतल्या बाजूने, तिथली कातडी शेतमजुराचीही मऊच असते. मग तो शांत का दिसतो? एक कारण अगदी साधं आहे. अंगमेहनत करणाऱ्यांच्या शिरा बऱ्याचदा ठसठशीत असतात, पहिल्याच टोचण्यात रक्त येतं. उलट ज्याला आठवडाभर सलाईन लागलंय, ज्याची केमो चालू आहे, जुलाबाने ज्याचं अंग सुकलंय, त्याची शीर सापडत नाही. सुई आतल्या आत हलवावी लागते, दोनदा-तीनदा टोचावं लागतं. तो विव्हळला तर तो नाजूक कसा?

दुसरं कारण जास्त कडू आहे. दवाखान्यात ज्याला कोणी नीट बोलूही देत नाही, तो ओरडणार कुणासमोर? पाड्यावरून आलेल्या बाया बाळंतपणातसुद्धा हूं की चूं करत नाहीत आणि वॉर्डात लगेच बोललं जातं, 'यांना सवय असते.' मी सलाईन लावताना त्यांच्या पायांकडे बघते. अंगठे आत वळलेले असतात, वरच्या ओठावर घाम असतो. हा समज आपल्याकडेच आहे असंही नाही. अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये २२२ गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि शिकाऊ डॉक्टरांना प्रश्न विचारले होते, तो अभ्यास २०१६ साली आला. कृष्णवर्णीयांची कातडी जाड असते, अशांसारख्या चुकीच्या समजुतींपैकी निदान एक तरी जवळपास निम्म्यांना खरी वाटत होती. आणि असं मानणारे कृष्णवर्णीय रुग्णाची वेदना कमी लेखत होते. तेव्हा 'यांना काही कळत नाही' हे वाक्य घरगुती ग्रुपवर निरागस दिसलं, तरी वॉर्डात त्याची किंमत कुणीतरी मोजतं.

'चक्कर येणं हे नाटक.' गणपतीतल्या एका शिबिरात तालमीतला गडी, दंड माझ्या मांडीएवढा, सुई बघून पांढराफटक पडला आणि खुर्चीतून घसरला. नाटक करून नाडी मंद करता येत नाही. या माणसांच्या बाबतीत आधी ठोके वाढतात, मग एकदम मंदावतात, पायातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब उतरतो आणि मेंदूला रक्त कमी पडतं. इच्छाशक्तीचा इथे संबंध नाही. अशांना 'अंग सैल सोडा' हा आपला नेहमीचा सल्लाही चुकतो. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ऑस्ट यांनी शिकवलेली पद्धत नेमकी उलटी आहे: पाय, पोट आणि मोकळा हात १०-१५ सेकंद घट्ट आवळायचे, चेहरा गरम वाटला की सोडायचे, थोडं थांबून पुन्हा. टोचायचा हात तेवढा सैल. आणि आधीच आडवं व्हायचं. मागे कधी चक्कर आली असेल तर बाही वर करण्याआधीच सांगा, लाजू नका.

'बाळ विसरतं.' ही समजूत फार जुनी, आणि मोठमोठ्या डॉक्टरांचीही होती. १९८० च्या दशकापर्यंत नवजात बाळांवर पुरेसं वेदनाशामक न देता शस्त्रक्रिया होत असत. भारतात डॉक्टर झालेले कन्वलजीत आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये सहकाऱ्यांसह १९८७ साली दाखवलं की मुदतीआधी जन्मलेल्या बाळांना शस्त्रक्रियेत वेदनाशामक दिलं, तर शरीरावरचा ताण कमी होतो आणि नंतरचा त्रासही. विसरण्याचं म्हणाल, तर टोरांटोतल्या १९९७ च्या अभ्यासात, भूल न देता सुंता झालेली मुलं चार-सहा महिन्यांनी लस घेताना इतरांपेक्षा जास्त कळवळली. आठवण सांगता येत नसेल, शरीराला ती असते.

आणि 'लाड बंद करा' हे शेवटचं. ज्याला लाड म्हणतात, त्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली केली: बाळाला आईने कुशीत घ्यावं, टोचताना किंवा त्याच्या जरा आधी अंगावर पाजावं, एकाच वेळी जास्त लसी असतील तर जास्त दुखणारी शेवटी द्यावी, खोटा धीर देऊ नये. याला एक पैसा लागत नाही.

मागच्या पावसाळ्यात कुत्रा चावलेले एक गृहस्थ पाचव्या दिवशी आले. इतके दिवस का थांबलात विचारलं, तर काही न बोलता त्यांनी सदरा वर करून पोट पुढे केलं. लहानपणी चौघांनी दाबून धरून पोटात दिलेल्या १४ सुया त्यांच्या डोक्यात होत्या. ती लस बंद होऊन जवळपास २० वर्षं झाली, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी म्हणाले, 'बाबा, आता दंडात देतात.' त्यांनी विचारलं, 'किती दुखंल?' मी खरं ते सांगितलं: दंडातली थोडी दुखेल, जखमेभोवती देतात ती बरीच दुखेल, थांब म्हणालात तर थांबेन. जखमेभोवती देताना ते दोनदा थांब म्हणाले, दोन्हीदा मी थांबले. मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी ते एकटे, एसटीने, वेळेवर आले.