रोमच्या कल्पित दिवसात पँथिऑनला जागा हवी

वाचनात आलेल्या एका लेखात रोममधील एका दिवसाची कल्पित भटकंती रंगवली आहे; तिच्यात सकाळी कलोसियम, दुपारी व्हॅटिकनची संग्रहालये आणि संध्याकाळी ट्रेवी कारंजे आहे. पँथिऑन या प्राचीन रोमन मंदिराची मात्र एका ओळीत बोळवण झाली, याचे मनापासून वाईट वाटले. सम्राट हेड्रियनच्या काळात पूर्ण झालेल्या या वास्तूचा सुमारे ४३ मीटर व्यासाचा काँक्रीटचा घुमट सळ्यांच्या आधाराविना उभा आहे, कारण बांधणाऱ्यांनी तळाशी जड दगड-विटांचे तुकडे आणि माथ्याकडे सच्छिद्र, हलका ज्वालामुखीजन्य दगड वापरून त्याचे वजन कमी करत नेले. माथ्यावरील उघड्या वर्तुळातून पाऊस थेट आत येतो आणि मध्यभागी किंचित फुगीर असलेल्या फरशीतील लहान छिद्रांतून निघून जातो. चित्रकार राफाएलची समाधीही येथेच आहे. व्हॅटिकनसाठी स्वतंत्र दिवस राखून ती दुपार पँथिऑनला द्यावी, असे आग्रहाने सुचवावेसे वाटते; तेथून ट्रेवीही पायी जाण्याच्या अंतरावर आहे.