ई-टाइपची नाहक बदनामी

‘जग्वार ई-टाइप नुसती देखणी, कायम गॅरेजात पडलेली. त्याच काळातली पोर्श ९११ तिच्याहून वेगवान, शिवाय इंजिन हवेनं थंड होणारं, म्हणजे देखभालीची कटकटच नाही.’ जुन्या गाड्यांचा विषय निघाला की हे विधान हमखास फिरतं, आणि ई-टाइपवर त्यात सरळसरळ अन्याय होतो.

वेगाचं म्हणाल, तर १९६१ च्या ई-टाइपचं ३.८ लिटरचं इंजिन कागदावर २६५ हॉर्सपॉवरचं, १९६४ च्या ९११ चं दोन लिटरचं इंजिन १३० चं. तेव्हाचे ब्रिटिश आकडे फुगवलेले असत, हे मान्य. तरी पहिली ९११ ताशी २१० किलोमीटरच्या आसपास थांबते आणि ई-टाइप त्यापुढे जाते. दावा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा १९७३ ची कारेरा आरएस, म्हणजे ९११ चीच जास्त ताकदवान आवृत्ती असते. बारा वर्षांनंतरच्या गाडीशी तुलना कसली करता?

इंजिन नाजूक म्हणावं, तर ई-टाइपमध्ये असलेल्या याच एक्सके घराण्याच्या जग्वार इंजिनांनी १९५१ ते १९५७ दरम्यान फ्रान्समधली ल मॉन्सची २४ तासांची शर्यत पाच वेळा जिंकली.

आता ‘कटकट नाही’ हे. त्या काळच्या ९११ ला रेडिएटर नाही, खरंय. पण थंड ठेवण्याचं बरंचसं काम ऑइल करतं, आणि ते भरावं लागतं नऊ लिटरच्या आसपास. बारा व्हॉल्व्हचे टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधली फट) वेळच्या वेळी सेट करावे लागतात. जुन्या गाड्यांत टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवणारी साखळी, ताणून धरणारा टेन्शनर दगा देतो. चेन दात सोडून सरकली की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि अख्खं इंजिन उघडावं लागतं. सत्तरच्या दशकातल्या २.७ लिटरच्या इंजिनात तर मॅग्नेशियमच्या क्रँककेसमधून (इंजिनच्या खालच्या खोक्यातून) हेड घट्ट धरणारे स्टड उपटून येतात. गंजाची गोष्ट वेगळीच.

ई-टाइपची एक तक्रार मात्र शंभर टक्के खरी आहे. तिचे मागचे डिस्क ब्रेक चाकापाशी नसून आत, डिफरन्शियलला (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याला) चिकटून आहेत. ब्रेकच्या उष्णतेनं डिफरन्शियलचे सील कडक होतात, ऑइल गळून डिस्कवर येतं, आणि ते काम नीट करायचं तर मागचा सगळा सस्पेन्शनचा सांगाडा खाली उतरवावा लागतो. गाडी घेताना आधी तिच्याखाली शिरून डिफरन्शियलच्या दोन्ही बाजू बघा. तिथे ओल दिसली तर त्या कामाची मजुरी किमतीतून वजा करूनच बोला.