कर्जतच्या नदीत तोळाभर सोनं? जरा थांबा

सध्या एक मेसेज सोसायटीच्या ग्रुपपासून लोकलच्या ग्रुपपर्यंत फिरतोय. त्याचा सारांश असा: परदेशात लोक सुट्टीच्या दिवशी नदीवर जाऊन सोनं काढतात, आपल्याही नद्यांत ते आहे, घमेलं घ्या, कर्जतला उल्हास नदी गाठा, महिन्याला तोळा कुठे गेला नाही. झवेरी बाजारात तर केरातून लाखो निघतात. सापडेल ते तुमचंच.

आधी उल्हास नदी. नदी सोनं तयार करत नाही, वरच्या खडकात असेल ते खाली आणते. कर्जतच्या वर राजमाची-लोणावळ्याचा डोंगर, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पाषाण. त्यात टनामागे जेमतेम काही मिलिग्रॅम सोनं, तेही सगळीकडे विखुरलेलं. कर्नाटकातल्या कोलार आणि हट्टीच्या खाणींतलं सोनं याहून कितीतरी जुन्या खडकांतल्या गारगोटीच्या शिरांमध्ये आहे. महाराष्ट्रात सोन्याच्या खुणा मिळाल्या त्याही नागपूर-भंडाऱ्याकडे, लाव्हा पोचला नाही तिथल्या खडकांत. कर्जतला हमखास काय मिळेल, तर स्टेशनवरचा बटाटावडा.

‘आपल्या नद्यांत सोनं आहे’ हे अर्धं खरं. झारखंडात सुवर्णरेखेच्या काठी लोक वाळू धुतात, पण पोटासाठी, आणि दिवसभराच्या मेहनतीनंतर हाती लागतात ते बारीक कण. मेसेजच्या शेपटीला उत्तर प्रदेशातल्या सोनभद्रचं तीन हजार टन सोनंही जोडलंय. 2020 सालची ती बातमी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानेच तेव्हा खोडून काढली होती. तिथे अंदाज होता सुमारे 52,806 टन खनिजाचा, टनाला 3.03 ग्रॅम या हिशोबाने. म्हणजे सोनं साधारण 160 किलो. दहा ग्रॅमसाठी तीन टनांहून जास्त दगड भरडायचा, घमेल्याने!

झवेरी बाजाराचं मात्र वेगळं आहे, कारण तिथे सोनं खरंच धुळीत असतं. कानस चालवताना उडालेला कीस जमिनीवर, चटईत, कारागिराच्या कपड्यांत आणि हात धुतलेल्या पाण्यात जातो. तो काढणारे ते झारेकरी. पण कारखानदाराला हे माहीत नसतं, असं मेसेज लिहिणाऱ्याला वाटतं की काय? तो आपला केर जपून ठेवतो, साचलं की विकतो. झारेकरी तो पैसे मोजून घेतो, जाळतो, धुतो आणि पाऱ्याने, तेजाबाने सोनं वेगळं करतो. निघालं कमी तर तोटा त्याचाच. रस्त्यावरची, गटारातली माती फुकट असते खरी, पण त्यात अर्थातच उरलंसुरलं. पाऱ्याची वाफ श्वासात जाते, ती वेगळीच. याला हौस म्हणणं म्हणजे त्यांच्या धंद्याची थट्टा आहे.

‘सापडेल ते तुमचंच’ हे वाचून तर हसू आलं. 1957च्या खाण व खनिज कायद्यानुसार परवान्याशिवाय खनिजाचा शोधही घेता येत नाही. पुरलेलं धन सापडलं तर 1878चा निखात निधी कायदा आहे: दहा रुपयांहून जास्त किमतीचं असेल तर कलेक्टरला कळवा. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात थोडं शुल्क भरून परवाना घेतला की सापडलेलं सोनं खरोखर आपलं होतं. 1869 साली तिथे ‘वेलकम स्ट्रेंजर’ हा सत्तर किलोंच्या वरचा गोळा जमिनीखाली जेमतेम इंचभर मिळाला. त्याचंच नाव दीडशे वर्षं घेतलं जातं, यातच काय ते समजा.

तरीही वाळू धुण्याची कला शिकण्यासारखी आहे, आणि ती मुंबईत बाल्कनीतही शिकता येते. भाऊच्या धक्क्याकडे जाळ्याला लावायचं शिसं मिळतं. त्याचे मोहरीएवढे तुकडे करा, हातोडीने चपटे करा, मोजून सोन्याच्या जागी टबातल्या वाळूत मिसळा. घमेलं पाण्याखाली धरून आधी चिखलाची ढेकळं बोटांनी फोडा, मग डावी-उजवीकडे हलवा. जड ते तळाशी बसतं. मग घमेलं किंचित कलतं करून वरचा थर पाण्याबरोबर जाऊ द्या. शेवटी काळी वाळू उरते. तिच्यातली लोहाची रेती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या चुंबकाने उचला आणि शिसं मोजा. सोनं पाण्याच्या एकोणीसपट जड, शिसं अकरापट. शिसं निसटलं नाही तर तेवढ्याच आकाराचं सोनंही सहसा निसटणार नाही. हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा, आणि ते पाणी तुळशीला घालू नका.