खेळ सुधारायला लोकेशन कशाला हवं?

गेम कंपन्या ॲनालिटिक्सचा डेटा, म्हणजे आपण गेम कसा खेळतो याच्या नोंदी, खेळ सुधारण्यासाठीच गोळा करतात, असं नुकत्याच वाचलेल्या एका लेखात म्हटलंय. अर्धं पटतं. खेळाडू कुठल्या लेव्हलला अडकतात, गेम कुठे बंद पडतो हे कळल्याशिवाय दुरुस्ती कशी होणार? पण त्यासाठी फोनचा जाहिरात आयडी (जाहिरातींसाठी फोनला दिलेला ओळख क्रमांक), लोकेशन, कॉन्टॅक्ट्स कशाला लागतात?

आमच्याकडे देवगडला मे महिन्यात मुंबईची भाचरंडं येतात आणि ओटीवर एकाच फोनभोवती घोळका करून बसतात. यंदा एका गेमने सुरू होतानाच परवानगी मागितली. ‘मान्य’चं बटण हिरवं, ठसठशीत. ‘पर्याय पाहा’ मात्र खाली फिकट राखाडी अक्षरात, चष्मा लावूनही धड दिसेना. धाकट्या भाचीने न वाचता हिरवं दाबलं. तिने दुसरं काय करायचं होतं? याला संमती म्हणायची?

2018 मध्ये पीसी गेममधलं, कुठली जाहिरात पाहून गेम घेतला हे टिपणारं ‘रेड शेल’ हे ट्रॅकिंग खेळाडूंनीच उघडं पाडलं, आणि बऱ्याच स्टुडिओंनी ते काढून टाकलं. 2022 मध्ये ‘फोर्टनाइट’ हा गेम बनवणाऱ्या एपिक गेम्सने मुलांच्या माहितीच्या प्रकरणात अमेरिकेत 27.5 कोटी डॉलर दंड भरायचं मान्य केलं. आपल्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही 18 वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागते, मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला मनाई आहे. त्याची अंमलबजावणी कडकच व्हायला हवी.

लेखकांना विनंती: फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन हे ट्रॅकिंग कसं बंद करायचं, ते पुढच्या लेखात सोप्या मराठीत द्या. इथल्या पालकांना ते आधी हवंय.