गाणी वाजतायत पण ॲप जोडत नाही? (उत्तर जरा लांबलंय)

ब्लूटूथवाल्या गिटार ॲम्पबद्दल (ॲम्प म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा) मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा खरं सांगतो, डोकं फिरलं, दुसऱ्यांदा वाचल्यावर कळलं की निम्मं तुमचं बरोबर आहे. तुम्ही म्हणताय की मी लिहिलेलं "फरगेट करा आणि परत पेअर करा" (म्हणजे फोनच्या ब्लूटूथ यादीतून ॲम्प काढून टाका आणि परत जोडा) दहा वेळा करून झालं, फोनवरची गाणी ॲम्पमधून झकास वाजतायत, पण टोन बदलायचं ॲप "ॲम्प सापडला नाही" यावरच अडून बसलंय, म्हणजे माझा सल्ला बिनकामाचा आणि ब्लूटूथवाले गिटार ॲम्प म्हणजे नुसता दिखावा. पहिलं मान्य. दुसरं नाही.

माझी चूक अशी की मी "ब्लूटूथ जोडा" असं लिहून मोकळा झालो, जणू ते एकच काहीतरी असतं. अशा बऱ्याच ॲम्पमध्ये दोन वेगवेगळी कनेक्शन असतात. एक गाण्यांचं, म्हणजे हेडफोनला वापरतो तेच साधं ब्लूटूथ, ते फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन पेअर करायचं. दुसरं कंट्रोलचं, ब्लूटूथ लो एनर्जी म्हणजे बीएलई, त्यातून तुमचं गाणं जातच नाही, गेन (आवाजाचा जोर) किती, रिव्हर्ब (घुमारा) किती, कुठला प्रीसेट (आधीच ठरवून ठेवलेला टोन) एवढाच निरोप जातो, आणि ते सहसा ॲपच्या आतूनच जोडायचं असतं. त्यामुळे गाणं वाजतंय याचा अर्थ फक्त पहिलं जोडलंय, दुसऱ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. सेटिंगच्या यादीत एकाच ॲम्पची दोन नावं दिसली, एकाच्या शेवटी ऑडिओ आणि दुसऱ्याच्या शेवटी बीएलई किंवा मिडी, तर त्या दुसऱ्याला तिथून हात लावू नका. चुकून पेअर केलं असेल तर तेवढंच फरगेट करा, ॲम्प बंद करून चालू करा आणि मग ॲपमधून शोधा. मी सरसकट "परत पेअर करा" लिहिलं आणि तुम्ही बहुतेक नेमकं तेच नाव परत परत पेअर करत बसलात. सॉरी.

आता परवानग्या. अँड्रॉइड ६ ते ११ मध्ये बीएलई डिव्हाइस शोधायला ॲपला लोकेशनची परवानगी लागते, आणि नुसती परवानगी देऊन भागत नाही, लोकेशन चालूपण हवं. मी स्वतः "गिटारच्या ॲपला माझं लोकेशन कशाला" म्हणून बाणेदारपणे नाही दाबलं होतं आणि मग तासभर ॲम्पच्या नावाने बोटं मोडली. अँड्रॉइड १२ पासून जवळपासच्या डिव्हाइसची वेगळी परवानगी आली. आयफोनवर प्रायव्हसीमध्ये ब्लूटूथच्या खाली ॲपचं बटण चालू आहे का ते बघा.

हे सगळं करूनही दिसत नसेल तर घरातला दुसरा फोन, जुना टॅब शोधा. बरेच ॲम्प बीएलईवर एका वेळी एकालाच धरतात, आणि एकदा कोणी जोडलं की बाकीच्यांना दिसेनासे होतात. माझ्याकडे एकदा दोन दिवस हाच खेळ चालला होता, रीसेट झालं, ॲप काढून परत टाकलं, आणि शेवटी सापडलं काय तर टॅब शेजारच्या खोलीत चार्जिंगला लावलेला, त्यावर तेच ॲप मागे उघडं, आणि मी ॲम्प चालू केला रे केला की तो पठ्ठ्या माझ्याआधी जोडला जायचा!

मधेच गाणं तुटतं म्हणालात, ते बहुतेक ब्लूटूथ ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं तिथल्या गर्दीमुळे. वायफाय, मायक्रोवेव्ह सगळे तिथेच. वायफाय ५ गिगाहर्ट्झवर घ्या आणि फोन मागच्या खिशात ठेवू नका, आपलं शरीर हा सिग्नल चांगलाच अडवतं.

राहिलं "दिखावा". तुम्ही गिटार फोनला लावून तो आवाज ब्लूटूथने ॲम्पला पाठवला आणि उशिरा आला म्हणून चिडलात. तो येणारच हो! ब्लूटूथ ऑडिओला सहज १५०-२०० मिलिसेकंद लागतात. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे २०० मिलिसेकंद उशीर म्हणजे ॲम्प जवळपास ७० मीटरवर ठेवून वाजवल्यासारखं. व्हिडिओ बघताना जाणवत नाही कारण प्लेअर चित्रच तेवढं थांबवून ठेवतो, तुमच्या बोटांना कोण थांबवणार? गिटार केबलने थेट ॲम्पला, फोनवरून फक्त बॅकिंग ट्रॅक, म्हणजे साथीचं संगीत. यात मात्र मी मागे हटत नाही.

तरीही अडलं तर फोनचं अँड्रॉइड कितवं आणि यादीत नक्की कुठली नावं दिसतात तेवढं लिहा, आणि हो, तो टॅब आधी बघा.