प्रतिक्रियेला उत्तर : सुवानीचे १२ विजय, ३७ पराभव आणि त्या त्या सालचे नियम

नमस्कार,

सुवानीच्या संघांवरच्या लेखाला तुम्ही इतकी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. दोन ओळींत उत्तर देणं बरोबर झालं नसतं, म्हणून हे स्वतंत्र लिहिलं आहे.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. टेनेसी राज्यातल्या सुवानी गावच्या ‘युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ’ या लहान विद्यापीठानं १८९९ साली ‘पाच दिवसांत पाच संघ हरवले’, ही दंतकथा लेखात जशीच्या तशी उचलली आहे, हा पहिला आक्षेप. तेव्हाचं अमेरिकन फुटबॉल इतकं वेगळं होतं की त्या मोसमाच्या ३२२–१० या गुणांना आज अर्थच उरत नाही, हा दुसरा. पुढे साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये (दक्षिणपूर्वेतल्या विद्यापीठांच्या स्पर्धागटात) एकही सामना न जिंकता हे विद्यापीठ १९४० साली बाहेर पडलं, त्याला ‘तत्त्वाचा निर्णय’ म्हणणं ही सारवासारव आहे, हा तिसरा. आणि ‘दक्षिणेत अजिंक्य’ लिहिताना ती दक्षिण कोणाची, हे लेखात कुठेच नाही, हा चौथा.

चौथा आक्षेप पूर्ण मान्य. पहिला निम्मा मान्य. मधले दोन मात्र पटत नाहीत.

आधी तारखा. ९ नोव्हेंबर १८९९, गुरुवारी ऑस्टिनमध्ये टेक्सास विद्यापीठाविरुद्ध १२–०. शुक्रवारी ह्यूस्टनमध्ये टेक्सास ए अँड एमविरुद्ध १०–०. शनिवारी न्यू ऑर्लीन्समध्ये टुलेनविरुद्ध २३–०. रविवारी, १२ तारखेला सुट्टी. सोमवारी बॅटन रूजमध्ये लुइझियाना स्टेटविरुद्ध ३४–० आणि मंगळवारी, १४ तारखेला मेम्फिसमध्ये मिसिसिपी विद्यापीठाविरुद्ध १२–०. म्हणजे सहा दिवसांत पाच सामने. लेखात ‘पाच दिवस’ लिहिलं होतं ते चूकच होतं, दुरुस्त केलं आहे. पण चूक एका दिवसाची आहे. सामने, गावं, क्रम आणि गुण यांत दंतकथा काही नाही.

असा दौरा कोणी शहाणा माणूस का आखेल, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. उत्तर पैशात आहे. त्या वर्षी तिकिटांच्या गल्ल्याच्या वाटणीवरून सुवानी आणि नॅशव्हिलचं वँडरबिल्ट यांच्यात बिनसलं आणि त्यांचा सामनाच झाला नाही. वर्षातला सगळ्यात मोठा गल्ला गेला. तो भरून काढण्यासाठी संघाचे व्यवस्थापक ल्यूक ली यांनी रेल्वेच्या वाटेवरची मोठी शहरं हेरली. ठिकाणं नीट पाहिलीत तर हिशेब उलगडतो. टेक्सास ए अँड एमशी सामना त्यांच्या कॉलेजच्या गावी झाला नाही, ह्यूस्टनला झाला. मिसिसिपीशी सामना त्यांच्या ऑक्सफर्ड गावी नाही, मेम्फिसला झाला. जिथे तिकीट काढणारी माणसं, तिथे मैदान. रेल्वेचा खर्च सामने वाढले म्हणून त्या प्रमाणात वाढत नाही. टेनेसीहून टेक्सासला एका सामन्यासाठी जायचं तर दिवाळं निघतं. त्याच फेरीत पाच सामने बसवले तर प्रत्येकाच्या वाट्याला खर्चाचा लहानसा तुकडा येतो. या ली यांना पुढे अमेरिकेच्या सिनेटमध्ये टेनेसीचं प्रतिनिधित्व मिळालं. तो हिशेबी स्वभाव विद्यार्थिदशेतच दिसतो.

पूर्ण फेरी सुमारे २,५०० मैलांची, म्हणजे ४,००० किलोमीटर. आपल्याकडे मुंबईहून नागपूरमार्गे हावड्याला जाऊन परत यायचं, साधारण तेवढं अंतर. दिवसा सामना आणि रात्री झोपायच्या डब्यातून पुढचं गाव. ह्यूस्टन ते न्यू ऑर्लीन्स हा टप्पाच साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि त्या दोन सामन्यांच्या मध्ये एकच रात्र होती. सुवानीच्या डोंगरावरच्या झऱ्याच्या पाण्याची दोन पिंपं संघानं सोबत नेली होती, असं सुवानीत आजही सांगतात. तुम्ही त्याला ‘भाबडेपणा’ म्हटलंत. पण बदली खेळाडूंची संख्या इतकी तुटपुंजी असताना अनोळखी पाण्यानं चार जणांचं पोट बिघडलं असतं, तर दौरा तिथेच संपला असता. मला ती खबरदारी अगदी व्यवहारी वाटते.

एकामागोमाग सामने ही त्या एका दौऱ्यापुरती गोष्ट नव्हती, हेही लक्षात घ्या. त्याच मोसमात २१ ऑक्टोबरला जॉर्जिया आणि २३ ला जॉर्जिया टेक, पुढे ३० नोव्हेंबरला ऑबर्न आणि २ डिसेंबरला नॉर्थ कॅरोलायना, अशा जोड्या दिसतात. एका प्रवासात दोन सामने उरकणं तेव्हा रूढ होतं. नोव्हेंबरच्या दौऱ्यात वेगळं होतं ते प्रमाण. आणि दर वेळी समोरचा संघ ताजातवाना होता, थकलेले फक्त हे.

आता नियम. इथे जरा थांबायला हवं, कारण तुमचा दुसरा आक्षेप इथेच सुटतो.

१८९९ साली टचडाउनचे (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेण्याचे) ५ गुण होते, ६ नव्हे. त्यानंतरच्या यशस्वी किकचा १. फील्ड गोलचेही, म्हणजे खेळ चालू असताना खांबांमधून मारलेल्या किकचेही, ५. सेफ्टीचे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला चेंडूसह त्याच्याच गोलरेषेमागे अडवण्याचे, २. पुढे फील्ड गोलचे १९०४ मध्ये ४ आणि १९०९ मध्ये ३ झाले. टचडाउनचे ६ झाले ते १९१२ मध्ये. पुढे चेंडू फेकायला, म्हणजे फॉरवर्ड पासला, १९०६ पर्यंत बंदी होती. मैदान ११० यार्ड लांब. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तीन चालींत ५ यार्ड पुढे सरकलं की चेंडू तुमच्याकडेच राहायचा. पाच यार्ड म्हणजे साडेचार मीटर. एका चालीला दीड मीटर रेटा लावता आला की पुरे. त्यामुळे खेळ घोळक्याचा, धक्काबुक्कीचा आणि सावकाश सरकणारा होता. अशा खेळात अकरा जण एका दमानं ढकलू शकतात का, आणि अडकल्यावर कोणी चेंडू लांब लाथाडू शकतो का, या दोनच गोष्टी निर्णायक ठरत. चपळ खेळाडूंची लांबलचक रांग लागत नसे. लहान विद्यापीठाला वाव होता तो इथे.

टचडाउननंतरची किकही आजच्यासारखी सोपी नव्हती. चेंडू गोलरेषेमागे जिथे टेकवला, त्याच्या सरळ रेषेत मागे जाऊन किक मारायची, रग्बीत मारतात तशी. कोपऱ्यात टेकवला तर कोन इतका अरुंद की गोल जवळजवळ अशक्य. मग ‘पंट-आउट’ करत. एकानं गोलरेषेमागून चेंडू आपल्याच साथीदाराकडे उडवायचा, त्यानं तो नीट झेलायचा आणि झेलल्या जागेवरून किक मारायची. झेल सुटला की संधी गेली. म्हणून त्या काळच्या गुणांत १२ ऐवजी १० किंवा ११ वारंवार दिसतात.

हे कळलं की ऑबर्नविरुद्धचा ११–१० वाचता येतो. आकड्यांवरून दोन्हीकडे पाच-पाच गुणांच्या दोन कमाया आणि फरक एका किकचा. अख्ख्या मोसमात सुवानीवर चढलेले १० गुण याच सामन्यातले. ऑबर्नचे प्रशिक्षक होते जॉन हाइझमन, ज्यांच्या नावाची ट्रॉफी आज दरवर्षी सर्वोत्तम विद्यापीठीय खेळाडूला मिळते. पंचांच्या निर्णयांवर त्यांनी वर्तमानपत्रातून जाहीर तक्रार केली आणि पंचानंही वर्तमानपत्रातूनच उत्तर दिलं. मूळ लेखात हे गाळलं होतं. गाळायला नको होतं. अजिंक्य मोसमातला हा सामना कुठल्याही बाजूला झुकू शकला असता.

दुसऱ्या बाजूनं, जुन्या नियमांमुळे गुण फुगत होते असा तुमचा समज दिसतो. उलट आहे. टचडाउनला एक गुण कमी आणि फेकीवर बंदी असल्यानं गुण आजच्यापेक्षा जड जात. बेरीज करून पाहा : जॉर्जिया १२, जॉर्जिया टेक ३२, टेनेसी ४६, साउथवेस्टर्न प्रेस्बिटेरियन ५४, दौऱ्यातले १२, १०, २३, ३४ आणि १२, मग कंबरलँड ७१, ऑबर्न ११ आणि शेवटी नॉर्थ कॅरोलायना ५. एकूण ३२२. यातले ५४ आणि ७१ हे दुबळ्या संघांविरुद्धचे आहेत, हे खरं. ते दोन सामने सोडा. उरतात दहा विजय आणि १९७ गुण.

थकव्याबद्दल एक नियम तुमच्या नजरेतून सुटला असावा. बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नव्हता. जखम बांधून खेळत राहणं, नाहीतर दिवसापुरतं संपणं. तेच अकरा जण चढाईही करत आणि बचावही. नियमानं ३५ मिनिटांचे दोन डाव होते, पण उभय संघ ठरवून डाव आखूड करत. त्यामुळे पाच सामने गुणिले ७० मिनिटं असा हिशेब मात्र करू नये. काही लेखांत तो दिसतो आणि तो चुकीचा आहे.

आता ३७ पराभव. डिसेंबर १९३२ मध्ये साउथईस्टर्न कॉन्फरन्स स्थापन झाली तेव्हा तिचे १३ सदस्य होते, त्यांत सुवानी एक. फुटबॉलमध्ये त्या कॉन्फरन्समधली सुवानीची नोंद ०–३७. इथवर आपलं एकमत आहे. ‘संघ ढासळला’ असा तुमचा निष्कर्ष आहे. माझ्या मते खेळच त्यांच्या पायाखालून सरकला.

१९०६ साली पाच यार्डांचे दहा यार्ड झाले आणि फेक कायदेशीर झाली. १९१२ मध्ये चौथी चाल आली. घोळक्याचा रेटा पुरेना. वेग, फेकणारा हात आणि झेलणारे लागू लागले, आणि ते दर वर्षी नव्यानं शोधावे लागू लागले. राज्यांच्या सरकारी विद्यापीठांची विद्यार्थिसंख्या हजारोंनी वाढत गेली. सुवानी मात्र काही शे मुलांचं राहिलं, तेही फक्त मुलग्यांचं. त्यात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघात खेळायची मनाई. हा नियम मोठ्या विद्यापीठाला जाणवतही नाही. लहान विद्यापीठाचा मात्र निवडीचा चौथा हिस्सा त्यात उडतो. मग १९३५ मध्ये कॉन्फरन्सनं खेळाडूंना खेळासाठी उघडपणे शिष्यवृत्ती द्यायला मुभा दिली. त्यानंतर स्पर्धा खजिन्यांची झाली. पोरं तितकीच जिद्दीची असून भागेना.

१९३८ मध्ये अलेक्झांडर गेरी कुलगुरू झाले. त्याआधी ते चॅटनूगा विद्यापीठाचे अध्यक्ष होते, त्यामुळे पैशावर चालणारं विद्यापीठीय फुटबॉल त्यांनी जवळून पाहिलं होतं. डिसेंबर १९४० मध्ये सुवानी बाहेर पडलं. ‘जिंकत असते तर सोडलं असतं का?’ असं तुम्ही विचारलंत. कदाचित नसतं, पराभवांचा वाटा नाकारत नाही. पण गेरी यांनी नेमकं काय सोडलं ते पाहा. नुसत्या हरण्यातून सुटका हवी असती, तर शिष्यवृत्त्या चालू ठेवून एखाद्या कमकुवत गटात जाता आलं असतं. तिथे विजय विकत मिळाले असते. त्यांनी शिष्यवृत्त्याच बंद केल्या आणि महायुद्धात थांबलेला खेळ १९४६ मध्ये शिष्यवृत्त्यांविना सुरू झाला. शिकागो विद्यापीठाशी तुलना केलीत तर फरक कळेल. १९३९ मध्ये मिशिगनकडून ८५–० असा मार खाल्ल्यावर त्याच मोसमाअखेर शिकागोनं फुटबॉलच गुंडाळलं, आणि ते पुन्हा विद्यापीठाचा अधिकृत खेळ झालं ते १९६९ मध्ये. सुवानीनं खेळ ठेवला, बाजार सोडला. याला तत्त्व म्हणण्यात मला काही वावगं वाटत नाही.

पुढचा इतिहास लेखात दोन ओळींत उरकला, ही तुमची तक्रार योग्य आहे. शर्ली मेजर्स (नाव बायकी वाटलं तरी हे गृहस्थ) १९५७ ते १९७७ प्रशिक्षक होते आणि त्यांच्या हाताखाली १९५८ व १९६३ चे संघ प्रत्येकी ८–० असे अपराजित राहिले. १९६२ मध्ये सेंटर, वॉशिंग्टन अँड ली आणि मेम्फिसचं साउथवेस्टर्न यांच्यासह सुवानीनं बिनशिष्यवृत्तीची नवी कॉन्फरन्स काढली. १९७३ मध्ये राष्ट्रीय पातळीवर ‘डिव्हिजन थ्री’ आली, जिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. आज सुमारे १,७०० विद्यार्थ्यांत वीसहून अधिक संघ सुवानीत आहेत. तुम्ही याला ‘घसरण’ म्हणता. विद्यार्थ्यांचा एवढा मोठा वाटा विद्यापीठाच्या रंगात मैदानावर उतरतो, हे मोठ्या विद्यापीठांना कधीच साधणार नाही.

राहिला चौथा आक्षेप. हे विद्यापीठ १८५७ मध्ये गुलाम बाळगणाऱ्या दक्षिणेतल्या बिशपांनी स्थापलं आणि १८९९ चे सगळे संघ, सगळे प्रतिस्पर्धी गोऱ्या विद्यापीठांचे होते. कृष्णवर्णीय कॉलेजांत पहिला सामना डिसेंबर १८९२ मध्येच झाला होता, नॉर्थ कॅरोलायनात, बिडल आणि लिव्हिंगस्टन यांच्यात. त्यांच्याशी सुवानी खेळलं नाही, कारण तशी परवानगीच तेव्हाच्या गोऱ्या समाजानं ठेवली नव्हती. स्त्रियांना तिथे कॉलेजात प्रवेश मिळाला १९६९ साली. तेव्हा ‘दक्षिणेत अजिंक्य’ हा शब्दप्रयोग खोटा नसला तरी अपुरा होता.

लेखात आता बदल केले आहेत ते असे : ‘पाच दिवस’ ऐवजी ‘सहा दिवस’, ऑबर्न सामन्याच्या परिच्छेदात हाइझमन यांची तक्रार, आणि ‘दक्षिणेत अजिंक्य’ ऐवजी ‘दक्षिणेतल्या गोऱ्या विद्यापीठांत अजिंक्य’. ०–३७ चा आकडा मूळ लेखात तळटीपेत होता, तो वर मुख्य मजकुरात आणला आहे.