चुकले तर चुकू देत, तक्ते दाखवा

पोल, म्हणजे मतदारांना विचारून काढलेले निकालाचे अंदाज, विकले जातात, हे सोलापुरात आता मत राहिलेलं नाही, गृहीतच धरलंय. २०२४ ने त्यावर शिक्कामोर्तब केलं. लोकसभेला बहुतेकांनी एनडीएला साडेतीनशेच्या वर जागा दिल्या, मिळाल्या २९३. नोव्हेंबरात विधानसभेला महायुती येणार हे अनेकांनी बरोबर ओळखलं, पण ती २३० च्या वर जाईल असं बहुतेकांच्या आकड्यांत नव्हतं.

मी राहतो इंग्लंडमध्ये. पोल इथेही आपटतात. २०१५ ला मतदानाआधीचे पोल हुजूर आणि मजूर पक्षात अटीतटी दाखवत होते. हुजूर पक्षाचे कॅमेरन बहुमत घेऊन आले. मग चौकशी झाली आणि अहवालात सरळ छापलं, की निवडलेली माणसंच प्रातिनिधिक नव्हती. इथल्या पोलिंग काउन्सिलच्या, म्हणजे पोल घेणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेच्या, सदस्यांना प्रश्न काय विचारला, कितीजणांना, पैसे कुणाचे, हे जाहीर करावं लागतं. आपल्या चॅनेलवर बहुतेकदा नुसता जागांचा आकडा नाचतो. मतांची टक्केवारी किती धरली, तिच्या जागा कशा केल्या, कोण विचारतंय?

इथल्या एक्झिट पोलची गंमत वेगळीच. केंद्राबाहेर पडलेल्या मतदाराच्या हातात हुबेहूब मतपत्रिका देतात. त्याने पुन्हा खूण करायची आणि पेटीत टाकायची, तोंडाने काही सांगायचं नाही. २०२४ ला मजूर पक्षाला ४१० जागा सांगितल्या, आल्या ४११. (रिफॉर्म पक्षाला १३ सांगितल्या, आल्या ५. तेव्हा फार भारावून जायला नको.)

सोलापूरच्या मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "तिकडं बसून काय सांगायलास बे? इथं येऊन बघ." मुद्दा खरा आहे. शहराच्या पूर्व भागात घरात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड. विडी वळणाऱ्या बाईसमोर टॅब घेऊन अनोळखी पोरगा उभा, शेजारी सासू, दारात गल्लीतला कार्यकर्ता. ती म्हणणार, "आम्हाला काय कळतंय, मालकांना विचारा." त्यात मतही हलतं. जूनमध्ये प्रणिती शिंदेंना खासदार करणाऱ्या मतदारसंघातल्या सहापैकी पाच विधानसभा नोव्हेंबरात भाजपकडे गेल्या.

पण उपायासाठी इंग्लंडला यायची गरज नाही. लोकनीती-सीएसडीएस या आपल्याकडच्या संशोधन संस्थेची माणसं निवडणूक अभ्यासात अशीच नकली मतपत्रिका आणि पेटी घेऊन घरोघरी जातात. त्याला वेळ लागतो, आणि चॅनेलला त्याच संध्याकाळी आकडा हवा असतो. वेळ नाही, ही सबब मात्र मला चालत नाही. शेवटचा टप्पा संपेपर्यंत एक्झिट पोल दाखवायला कायद्याने बंदीच आहे. सोलापूरने ७ मे २०२४ ला मत दिलं, पोल झळकले १ जूनला. प्रश्न काय, कितीजणांना, मतांची टक्केवारी किती, तिच्या जागा कशा, असे चार तक्ते पंचवीस दिवसांत तयार होत नाहीत?